हिरव्यावर पाय

झिरिया, नव्या राजधानीच्या पुढं
रायपूर
२४ जानेवारी २००६

सत्यभामाताई,

तुले अन् भाऊजीले भावनाचा जयभीम.

लय दिवसानं लिहून राहिली. पोट्टीचं नाव ठेवलं तेव्हापासून आपलं बोलनं तुटलं. तुले लेकरू नाई म्हनून तू तिले मांगतली, मी नाई म्हनलं. तेवढंच झालं, पन दोघीच्याबी मनात राहिलं. आता राहू दे ते. इथं मले बोलाले कोनी नाई, म्हनून तुलेच लिहितो.

आमी दोन वर्सं झाले बीरगावात नाई. हे कामाले जात होते तो कारखाना बंद झाला अन् खोलीवाल्यानं खोली खाली कराले लावली. मंग एका साहेबानं यायले इथं चौकीदार ठेवलं. राजधानीचे मोठे मोठे रस्ते बनून राहिले ना, ते जिथं संपतात तिथून अजून पुढं एक दलदल हाय. जमिनीतून बारा महिने पानी झिरपते, म्हनून इकडचे लोक तिले झिरिया म्हनतात. वरून हिरवंगार, खाली काळी लोन्यावानी माती. किती खोल ते कोनाले मालूम नाई. कडेला उभं राहून पाय आपटला तर दूरवर गवत हलते. साहेब म्हनतात, ही माती म्हनजे जुनं गवतच हाय, पान्याखाली सडलं नाई, दबून बसलं, हजारो वर्सं. वाळली तर लाकडावानी जळते. अशी जागा कुठं सापडत नाई म्हनून सरकारनं चहूकडून तार लावून राखली हाय. अन् आमचं क्वार्टर तारेच्या आत हाय.

साहेबाले जोडपंच पाहिजे होतं. आता ते दलदल लोकायले दाखवनार हायेत. लाकडाच्या फळ्यांचा रस्ता केला आतपर्यंत, दोन्हीकडून कठडा. दोन फेब्रुवारीले उद्घाटन हाय. हे फाटक सांभाळतीन अन् मी बायका-लेकरांले फळ्यांवरून फिरवाचं, माहिती सांगाची. हिंदीतून पाठ कराले लावली मले. ये दलदल हमारी दादी-परदादी से भी पुराना है, इसमें आग मत लगाइए, कचरा मत डालिए. मी चुलीपाशी बसून घोकतो तर आपली तीन वर्साची पोट्टी अनुश्रीबी म्हनते, आग मत लगाइए.

हे खूष हायेत. मलेच भेव वाटते. आतापर्यंत इथं आमी तिघं अन् बगळेच होतो. पोट्टीले मी एकच गोष्ट शिकवली हाय, काळ्या वाटेवर चाल, हिरव्यावर पाय नको. ती इतकी शिकली की रायपूरच्या पंडरी बाजारात गेलो होतो तर दुकानात हिरव्या लुगड्याच्या थप्पीले पाहून मांगं सरली. दुकानदार हसला. मी नाई हसली.

तुमी दोघं उद्घाटनाले या ना.

तुही भावना

*

आमगाव
३० जानेवारी २००६

भावने,

जयभीम. मी बोलतो अन् तुहे भाऊजी लिहितात. माह्या हाताले अक्षर वळत नाई ते तुले मालूम हाय.

तुही चिठ्ठी आली तवा मी पापड लाटून राहिली होती. दोनदा वाचून घेतली. भेव कायचं वं एवढं? लोकाइसमोर बोलाचं भेव ना? लहानपनी शाळेत गानं म्हनाले उभी केली तर तू चड्डीत मुतली होती, ते मले आठवते. असं कर, लोकाइच्या तोंडाकडं पाहूच नको, त्यायच्या मांगच्या झाडाकडं पाहून बोलत जा. सुदरते.

(हे मी भैय्यालाल माह्या मनानं लिहितो. रेल्वेत मोठा साहेब पाहनीले आला की आमीबी झाडाकडंच पाहतो. तुही ताई बरोबर सांगते.)

आमाले येनं जमनार नाई. इकडं रुळाचं काम चालू हाय, भाऊजीले सुट्टी नाई. एकटी मी येऊ तर कशी येऊ, मी कधी गाडीत एकटी बसली नाई.

सरकारी क्वार्टर भेटलं, दोघांले काम भेटलं, अजून काय पाहिजे? नवी साडी नेस त्या दिवशी. अनुश्रीच्या डोळ्यात काजळ घाल. मोठी झाली असन आता. मी तर तिले ओळखनार बी नाई.

सत्यभामा

*

झिरिया
९ फेब्रुवारी २००६

ताई,

मले लोकाइचं भेव नव्हतं वं. तुले मी नीट सांगतलं नाई. आता सांगतो, तू नीट वाचून घे.

उद्घाटनाले रायपूरहून मंडपवाले आले. फाटकापासून फळ्यांच्या रस्त्यापर्यंत त्यायनं मॅट अंथरली. हिरवी. गवतावानी हिरवी. पाहुने आले, गाड्या आल्या, शाळेचे पोट्टे आले, बँड बी होता. अनुश्री नवा फ्राक घालून मॅटच्या कडेला उभी. पाय ठेवेना. साहेब म्हने, आओ गुड़िया. ती म्हने, नको, हिरवं. मंग तिथल्या एकानं साहेबाले तिचं बोलनं समजावून सांगतलं तर सगळेच हसले. साहेब मानूस वाईट नाई ताई, हौशी हाय. त्यानं तिले उचललं अन् मॅटच्या मधात उभी केली. ती रडली. मंग पाय आपटून पाहिला. काहीच झालं नाई. मंग हसली. लोकाइनं टाळ्या वाजवल्या.

मी तवा फळ्यांवर होती, आग मत लगाइए सांगून राहिली होती. दूरून पाहून राहिली होती. दिवसभर ती त्या मॅटवर धावली, लोळली, शाळेच्या पोट्ट्यांसंग कोलांट्या मारल्या. मले बी वाटलं, खेळू दे, तिले कधी सोबत भेटत नाई.

संध्याकाळी मंडपवाले मॅट गुंडाळून घेऊन गेले.

दोन दिवसानं मी क्वार्टरच्या मांगं भांडे घासून राहिली होती. मान वर केली तर पोट्टी दलदलीकडं चालली होती. धावत नाई, मस्त चालून राहिली होती, जशी त्या दिवशी मॅटवर. मी हाक मारली. ती मांगं पाहून हसली अन् म्हने, माय, पाहा, हिरवं. अन् पुढचा पाय टाकला.

छातीपर्यंत गेली ताई. एका पावलात. रडली बी नाई, नुस्ती मह्याकडं पाहत राहिली. तिथं उभ्यानं गेलं तर आपनबी जातो, म्हनून यायनं फाटकावरून धावत येऊन फळी टाकली अन् पोटावर सरकत गेले. मी यायचे पाय धरून पडली होती. बाहेर काढली तर एक पाय उघडा, चप्पल आतच राहिली. आंग सगळं काळं. त्या मातीले वास येत नाई, नुस्ती थंड असते. मी तिले पुसून राहिली होती अन् ती म्हने, पुन्हा.

मी दोन वर्सं शिकवलं ते एका दिवसात गेलं. आता किती सांगतो, किती मारलं बी. ती म्हने, साहेब चल म्हनाला.

काल आठ-दहा गाड्या आल्या. एक पोट्टा विचारते, दीदी, इसमें सास को गिरा दें तो? सगळे हसले, मले बी हसा लागलं. माहं ध्यान क्वार्टरकडं. म्हनून मी आता तिले बांधतो. जुन्या लुगड्याचे पट्टे वळले, कमरेले बांधले, दुसरा कोना ओसरीच्या खांबाले. दारापर्यंत जाता येते, सावलीत बसता येते. पहिल्या दिवशी लय रडली. आता वासरावानी ओढून पाहते अन् बसते.

भावना

*

आमगाव
१७ फेब्रुवारी २००६

भावने,

लेकरू हाय का बकरी हाय?

भाऊजी लिहून राहिले अन् तोंड वाकडं करून राहिले, म्हने असं नको लिहू. मी म्हनलं लिहा. खरं सांग, तुह्या नवऱ्यानं, प्रशिकनं, बांधाले लावलं का तुले? तो तुले मारते का? त्याच्या नोकरीसाठी पोट्टी खांबाले बांधून ठेवता तुमी. नोकरी सोडा म्हनत नाई मी. पन पोट्टीले माह्याकडं पाठवा. इथं आंगन हाय, खाली पक्की जमीन हाय, दूध हाय. आगाऊ काही विचार करू नको. पाठव.

(मी भैय्यालाल. साळी नाई, तू मले लेकीवानी हाय, म्हनून लिहितो. तुह्या ताईचा राग नको मनावर घेऊ. ती चार दिवसापासून जेवत नाई नीट.)

सत्यभामा

*

झिरिया
२६ फेब्रुवारी २००६

ताई,

यायनं नाई बांधली. मी बांधली. हे तर मले बी बोलले, सोड म्हने, मी पाहतो तिच्याकडं. पन फाटकावर गाडी आली की यायले उठाच लागते. हे मारत नाई मले. ते तू मनातून काढून टाक.

तुह्या मनात काय हाय ते मले मालूम हाय. पोट्टी जन्मली तवापासून मालूम हाय. एक पाय दलदलीत अन् दुसरा पाय तुह्या दारात, असं झालं माह्या लेकीचं. राग येईन तुले, येऊ दे. भाऊजीनं हे वाचून दाखवतानी गाळू नये.

मी कुंपन बी करून पाहिलं. इकडं नाल्याच्या कडेला बेशरमाचं झाड लय उगवते, काडी खोवली की जगते, इकडच्या पाऱ्यापाऱ्यात, मोहल्ल्यात, लोक त्याचंच कुंपन करतात. मी क्वार्टरच्या भोवती खोवल्या. साहेब आला अन् डोक्याले हात लावला. म्हने, यही तो बीमारी है, ये पूरा दलदल खा जाएगा. मले बी माहितीत तेच पाठ कराले लावलं होतं, बेशरम मत लगाइए. मी सगळ्या काड्या उपटल्या. मंग म्हनलं, साहेब, बांबूचं करून द्या. त्यानं दलदलीकडं पाहिलं, क्वार्टरकडं पाहिलं. म्हने, सामने से नजारा बिगड़ जाएगा, देखते हैं बारिश के पहले. फळ्यांच्या रस्त्याले दोन्हीकडून कठडा हाय ताई. लोक पडू नये म्हनून.

अन् आता दुसरंच झालं. इतवारी एक मॅडम आली, कौमुदी मॅडम, पांढरी सुती साडी, चांगली बोलते. तिनं सगळी माहिती ऐकली, मले शाबासकी दिली. वापस जातानी ओसरीवर अनुश्री दिसली. मॅडम तिच्यापाशी बसली, बिस्कुट दिलं, पट्ट्याले हात लावून पाहिला. मले विचारलं, इसे किसने बाँधा? मले वाटलं तिले समजलं. मी म्हनलं, मैंने. तिच्या संगच्या पोट्टीनं फोटो काढला.

मंगळवारी पेपरात आलं. दलदलीचा फोटो छोटा, माह्या लेकीचा मोठा. साहेब पेपर घेऊन आला. बोंबलला नाई, हळू बोलला, त्यानंच मले जास्त भेव वाटलं. म्हने, लोगों को दलदल समझाने के लिए इतना किया, अब सब बच्ची देखने आएँगे. अन् खरंच येतात. फाटकावर विचारतात, वो बँधी हुई बच्ची किधर है? एकानं तिच्यासंग फोटो काढला.

मॅडम लेकरांच्या सरकारी समितीवर हाय म्हने. साहेबानं सांगतलं, पट्टा खोल, नाईतर समिती पोट्टीले घेऊन जाईन अन् तुमाले क्वार्टर खाली करा लागन.

मी खोलला.

भावना

*

झिरिया
१२ मार्च २००६

ताई,

तू बोलत नाई. मी काय लिहिलं ते मले सगळं आठवते. रोज मी यायले विचारतो, चिठ्ठी आली का, तर नाई म्हनतात.

समितीचा मानूस येऊन गेला. महिना संपाच्या आधी पोट्टी घेऊन रायपूरले हजर व्हाचं. मॅडमले सांगाचं की बांधत नाई, अन् पोट्टीले कोन पाहते. मी म्हनलं, मीच पाहतो. तो म्हने, तू तर फळ्यांवर असते. नसन कोनी पाहनारं तर काही दिवस आश्रमात ठेवू, तिथं खाना-पीना सब मिलता है. काही दिवस म्हनजे किती, विचारलं तर म्हने, वो मॅडम देखेंगी.

ती मॅडम पापी नाई ताई. तिनं खांबाले बांधलेलं लेकरू पाहिलं. मी बी दुसऱ्याचं पाहिलं असतं तर शिव्या दिल्या असत्या.

आंगनवाडी गावासंग उठून गेली, राजधानीसाठी ते गाव दूर वसवलं. एवढा चौडा रस्ता, पन बस नाई. कडेवर घेऊन काम करून पाहिलं, तर एका म्हाताऱ्या बाईले हात द्याच्या वेळी पोट्टी कठड्याच्या बाहेर लोंबली, साहेब म्हने, ड्यूटीवर लेकरू नको. खोलीत कोंडून पाहिली. एकच खोली, वर टीन, आतून ती दार पिटत होती. फिराले आलेल्या लोकाइनं आवाज ऐकला, कडी काढून तिले बाहेर घेतली अन् मलेच नाई नाई ते बोलले. ते निंघून गेले. दार उघडंच. मी फळ्यांच्या त्या टोकाले होती.

मी धावली ताई. फळ्या वाजतात धावलं की, सगळे वळून पाहून राहिले होते, अन् मी हिंदी विसरून मराठीतच बोंबलत होती. पोट्टी पार कडेला बसली होती. एक हात आत घातला होता, खांद्यापर्यंत. चप्पल शोधून राहिली होती तिची.

आता माह्याच्यानं होत नाई. जागी असली की फाटकाकडं पाहतो, कोनी जीप घेऊन येते का, नाईतर त्या हिरव्याकडं पाहतो. जेवन तोंडात फिरते. यायले बोलली तर हे नोकरी सोडू म्हनतात, मंग म्हनतात जाऊ कुठं. क्वार्टर गेलं तर रस्त्यावर. रस्त्यावरच्या लेकराले तर समिती अजून पहिले उचलन.

तू घेऊन जा तिले. मी रागानं बोलली ते सगळं वापस घेतो. तुह्या आंगनात राहू दे. तुले माय म्हनन तर म्हनू दे. जिती राहिली पाहिजे. तू लिही फक्त, हे तिले गाडीनं आनून देतीन. फ्राक धुवून ठेवला हाय.

भावना

*

आमगाव
१९ मार्च २००६

भावना,

हे मी माह्या हातानं लिहून राहिली. वाचाले तरास होईन. यायले लिहाले नाई देल्लं. रोज थोडं थोडं लिहिलं.

तुही रागाची चिठ्ठी आली तवा मी रडली. कारन खरं होतं ते.

तू विचारशीन बोलली काहून नाई. मी काम करत होती. पिवळा फ्राक शिवला. दोन शिवले. यायच्या मांगं लागून दाराच्या आढ्याले झोका बांधून घेतला. दूधवालीले सांगून ठेवलं. गल्लीत सांगून आली, पोट्टी येनार हाय. कोनाची विचारलं तर माही म्हनलं. माही म्हनलं मी भावना. तोंडातून निंघून गेलं.

तुही दुसरी चिठ्ठी आली घेऊन जा म्हनून. मी उड्या मारल्या. खरंच मारल्या, लहान पोट्टीवानी. हे खाटेवर बसले होते. यायनं विचारलं, सत्यभामा, वापस देशीन का?

मी फ्राकाले बटन लावाले बसली.

तेच सांगतो तुले. वापस नाई देनार मी. आज देईन म्हनन अन् नाई देनार. तू दारात येशीन तर पोट्टीले आत लपवन. मी मले ओळखतो. दलदल बरी, तिले कोनी तार तर लावते.

म्हनून आनू नको तिले. प्रशिकले सांग, नको आनू.

मीच येतो. सव्वीसले सकाळच्या गाडीनं येतो. हे बसवून देतीन. एकटी बसन. रायपूर आलं की उतरा लागते, तेवढं मी विचारीन. प्रशिकले टेसनवर उभं कर. मले तिथून पुढं काही मालूम नाई.

मॅडमले म्हन, मावशी येऊन राहिली.

सत्यभामा

*

झिरिया
१४ एप्रिल २००६

भाऊजी,

तुमाले भावनाचा जयभीम. आज जयंती. ताई, हे अन् पोट्टी मिरवनूक पाहाले रायपूरले गेले, मले सुट्टी नाई भेटली. लोक येऊन गेले, आता फळ्या खाली हायेत, म्हनून बसून लिहितो. ताई इथं असतानी मले हे लिहिता येत नाई.

समितीत काय झालं ते ताईनं तुमाले कळवलं का नाई मालूम नाई. मॅडमच्या खोलीत पंखा होता, पानी दिलं आमाले. मॅडमनं विचारलं, बच्ची को दिन भर कौन देखेगा? मी सांगाच्या आधी ताईच उठली. ताईले तर हिंदी येत नाई. तिनं पोट्टीले उचलून कडेवर घेतलं अन् म्हनलं, मी. मॅडम म्हने, कब तक? ताईनं मह्याकडं पाहिलं. मी सांगतलं, पूछ रही हैं कितने दिन. घाईत मी बी हिंदीतच बोलली तिच्यासंग. ताई म्हने, जवापर्यंत हे जमीन अशी हाय तवापर्यंत. मी मॅडमले सांगतलं, हमेशा.

तवापासून दर आठवड्याले एक बाई पाहून जाते. पट्टा नाई, कडी नाई, लेकरू धडधाकट हाय, लिहून घेते अन् जाते. साहेब बी ताईले नमस्ते करते. बांबूचं विचारलं तर म्हने, अब तो मौसी है ना.

पोट्टी जिती हाय भाऊजी. ते पहिले सांगाले पाहिजे होतं. मी फळ्यांवर असतानी आता घडीघडी वळून पाहत नाई. बोलनं बी सुदरलं, लोक ऐकतात. परवा एक म्हातारा मास्तर आला होता, त्यानं कडेची मुठभर माती हातात घेतली, वास घेतला अन् वापस ठेवून देल्ली. असे बी लोक येतात.

पन ताई तिले खाली उतरवत नाई. जमिनीवर पायच लागू देत नाई. जेवू घालते कडेवर, झोपवते पोटावर. मी घेतो म्हनलं तर म्हने, तुले काम हाय, जा. खरंच हाय. पोट्टी गेल्या आठवड्यात कडेवरून निसटून ओसरीवर पडली, ओठाले लागलं. माय म्हनून बोंबलली. मी फळ्यांवरून पाहिलं. ती ताईकडं हात करून राहिली होती. माह्यासमोर पंधरा-वीस लोक उभे होते. मी झाडाकडं पाहिलं अन् पुढची माहिती सांगतली.

मी यायले नाई सांगतलं. तुमाले सांगतो. तुमी एकटे हा, हातानं पोळ्या करता, ताई म्हनते करपवत असतीन. तिले वापस बोलावा असं लिहाची माही हिंमत नाई. राहू द्या असं लिहाची बी नाई.

ताईनं मले खरं लिहिलं होतं, तिच्या हातानं. वापस नाई देनार म्हनून. ती खोटं बोलत नाई ते तुमाले मालूम हाय. एक दिवस ती म्हनन, दोन दिवस गावाले जाऊन येतो, पोट्टीले झोका दाखवतो. अन् मी नाई म्हनू शकनार नाई. कोन्या तोंडानं म्हनू? तिनं येऊन माही लेक वाचवली.

तो दिवस आला तर तुमी दारात उभे राहा भाऊजी. दोघींलेबी घरात घ्या, जेवू घाला, झोक्यावर बसवा, लय दिवस ठेवा. पन ताईनं गल्लीत कोनाले सांगतलं की माही हाय, तर तुमी तिथंच म्हना, भावनाची हाय. हळू म्हना, पन ताईले ऐकू जाईन असं म्हना. पोट्टीले बी ऐकू जाईन असं म्हना.

फाटकावर गाडी वाजून राहिली. आले वाटते.

तुमची भावना